गरम झाल्यावर

आउटबोर्ड इंजिनाला चालायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि वेळेवर पडणारी ठिणगी. पेट्रोलचा वास येतो, कार्ब्युरेटर उघडला तर त्यातला कचरा बोटाला लागतो. ठिणगी तेवढी बंद सिलिंडरच्या आत पडते. ती पाहायची तर प्लग बाहेर काढावा लागतो, आणि तोपर्यंत इंजिन थांबलेलं असतं. म्हणून जुन्या इंजिनात ठिणगीचा दोष शोधणं म्हणजे बरेचदा आपल्यामागे काय घडलं याचा अंदाज बांधणं.

आमच्या खाडीवरच्या आबांकडे ब्रिटिश सीगल आहे. इंग्लंडमधल्या पूल या बंदरगावी ही इंजिनं बनत. ओले एव्हिनरूड या मूळ नॉर्वेच्या माणसाने अमेरिकेत मिल्वॉकीला 1909 मध्ये आउटबोर्ड विकायला काढली. सीगल त्यानंतरची, आणि साधेपणात सगळ्यांच्या पुढची. एक सिलिंडर, डोक्यावर उघडं फ्लायव्हील, त्याभोवती दोर गुंडाळून ओढायचा. आबांच्या इंजिनाला क्लच नाही. इंजिन सुरू झालं की पंखा फिरतो आणि होडी निघते. आबांनी ते मुंबईला दारूखान्यात भंगारातून घेतलं होतं. त्याच्या जिवावर त्यांची जाळी, त्यांची मासळी आणि त्यांचं स्वतःचं असं जे काही उरलं होतं, ते चालत होतं.

दोन पावसाळ्यांपासून ते इंजिन वीस-पंचवीस मिनिटांनी बंद पडू लागलं. आबा वल्हं मारत परत येत. किनाऱ्यावर चारचौघांसमोर दोर ओढला की पहिल्या झटक्यात सुरू! मग लोक हसत. तालुक्याच्या मेकॅनिकने दोनदा पाहिलं, सीबी पॉइंट घासून दिले आणि सांगितलं, "इंजिनात काही नाही." म्हणजे जे काही होतं ते आबांच्यात होतं, असा अर्थ घरात निघाला. आबा 74 वर्षांचे. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्याकडून आता दोर नीट ओढला जात नाही. इंजिन विकून टाकू." त्याची काळजीही खोटी नव्हती. ओहोटीला खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं, तर वल्ह्यावर होडी आवरत नाही.

माझी नोकरी पंपांच्या कारखान्यात झाली. थंडपणी नीट दिसणारी आणि तापली की दगा देणारी वाइंडिंग मी शेकड्यांनी पाहिली आहेत. आबांना मी एकच विचारलं, "बंद पडल्यावर किती वेळाने परत सुरू होतं?" ते म्हणाले, "एक विडी ओढून होईपर्यंत." हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारला नव्हता.

सीगलला बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधले चुंबक कॉइलजवळून फिरतात, कॉइलच्या जाड तारेत करंट येतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडून तो तोडतात, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत काही हजार व्होल्ट उसळतात. तीच प्लगमधली ठिणगी. पॉइंट उघडताना करंट तिथेच उडी मारून वाया जाऊ नये, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. कंडेन्सर गळू लागला की ठिणगी पॉइंटवर जास्त आणि प्लगवर कमी पडते. पॉइंट काळे पडतात.

मेकॅनिकने दोनदा घासले ते हेच काळे पॉइंट. घासल्यावर चार दिवस इंजिन बरं चालायचं. घासताना त्याने दोषाची खूणही पुसून टाकली होती.

उघड्या हवेतल्या ठिणगीवरही फार विसंबता येत नाही. सिलिंडरमधली दाबलेली हवा भेदायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या अर्ध्या मिलिमीटर फटीत बाहेर दिसणारी ठिणगी आत पडेलच असं नाही. म्हणून ती पाच-सहा मिलिमीटरची फट ओलांडते का, ते पाहायचं.

आम्ही होडी जेटीला दोन दोरांनी बांधली आणि इंजिन पाण्यातच चालू ठेवलं. क्लच नसल्याने पंखा पाणी ढकलत राहिला, इंजिनावर खाडीतल्यासारखाच भार आला. बाविसाव्या मिनिटाला ते बंद पडलं. पेट्रोलचा कॅन आधीच दूर नेला होता. फडक्याने गरम प्लग काढला, केबलचं टोक लोखंडापासून सहा मिलिमीटरवर धरलं आणि आबांनी दोर ओढला. काहीच नाही. फट कमी केली, तेव्हा पिवळट, मरगळलेली ठिणगी दिसली. आबांची विडी संपल्यावर पुन्हा ओढलं: निळी, कडकडीत. मुलगा शेजारीच उभा होता. दोर दोन्ही वेळा आबांनीच ओढला होता.

कॉइल की कंडेन्सर, हे बदलून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. स्वस्तातलं आधी. जुन्या स्कूटरचा कंडेन्सर तारेने जोडला, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ केले, कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी त्यांच्यातून ओढून कीस काढला, फीलर गेजने वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, फट ठेवली. इंजिन त्या दिवशी दीड तास चाललं. आम्हीच ते बंद केलं.

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याहून आणखी दोन कंडेन्सर घेऊन आला आणि बापाच्या डब्यात ठेवले. सुट्या भागांची जुनी दुकानं एकेक करून बंद होताहेत, आता मिळताहेत तोवर घेतलेले बरे, एवढंच म्हणाला.

जे बिघाड किनाऱ्यावर येईपर्यंत बरे होतात, त्यांची तक्रार करणारा माणूस हमखास खोटा किंवा म्हातारा ठरतो. त्याच्याबरोबर होडीत बसून बाविसाव्या मिनिटापर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. आबांना दोन वर्षं तेवढीच सोबत हवी होती.