परतणाऱ्या लाटा

यंदा आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवर आकाशकंदिलाच्या आधी एक तार चढली. लांबी दहा मीटरांहून थोडी अधिक, मधोमध बांबूला टांगलेली, दोन्ही टोके खाली उतरलेली. शेजारच्या काकूंनी तिच्यावर कपडे वाळत घालता येतील का, अशी चौकशीही केली! चिरंजीवांनी सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. हे त्याचे एरियल.

बारावीच्या गुणांपासून आम्हा बापलेकांत संभाषण असे उरलेच नव्हते. मी बोलत असे, तो ऐकत असे. त्यामुळे त्याने मला वर बोलावले, याचेच नवल वाटले.

मीटरचा काटा तीनवर होता. "म्हणजे, बाबा, पाठवलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा एरियलपासून मागे फिरतोय."

मी मराठी शिकवतो ते ठाण्यात. मासुंदा तलावाच्या दगडी काठावर आपटून मागे फिरणाऱ्या लाटा येताजाता पाहतो. जाणारी आणि परतणारी लाट भेटली, की पाणी कुठे खूप उसळते, कुठे जेमतेम हलते. केबलमधल्या लहरींचेही तसेच. त्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान उसळीचे प्रमाण म्हणजे हा आकडा. तो एक आला, तर काहीच परतत नाही.

"मग यंत्राचा जोर वाढव की!" मी म्हणालो.

तो हसला. "परत येणारेही वाढेल, शिवाय यंत्र तापेल. केबल पन्नास ओहमची आहे; एरियल तिला जुळायला हवे."

त्याने दोन्ही टोकांची वीतवीतभर तार कापली. काटा १.२ वर आला.

"आता सगळे पोचले म्हणायचे!"

"तसेही नाही. एरियल काढून नुसता पन्नास ओहमचा रोधक जोडला, तरी काटा एकवर येतो. तो सगळे पोटात घेतो, गरम होतो. बाहेर काही जात नाही."

मला आमचे जेवणाचे टेबल आठवले. याचे गप्प बसणे म्हणजे होकार, असे मी दोन वर्षे धरून चाललो होतो.

"तुला हा नाद लागला कुठून?" मी जरा हळूच विचारले.

"तुम्हीच सांगितले होते ना, २६ जुलै २००५ चे? कल्याण-डोंबिवलीत पाणी भरले, फोन बंद पडले, आजीला रात्रभर तुमची खबर कळली नाही."

ती हकिकत मी एकदाच, घरात दिवे गेले असताना, सहज सांगितली होती. अभ्यासावरची व्याख्याने मात्र शंभर तरी झाली असतील.

खालून फराळाची हाक आली. तो उठू लागला.

"थांब," मी म्हणालो, "आधी तुझे बोलणे ऐकू दे."