कृष्णधवल पडद्यावरचा हिरवा पट

१/ दिवा येथील एका आजींना एक दृश्य आजही लख्ख आठवते. साल १९८१. शेजारच्या घरातील दूरचित्रवाणी संच, उंबऱ्यापर्यंत दाटीने बसलेली मुले आणि पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासमोर बसलेल्या रोहिणी खाडिलकर. पटाची घरे हिरवी-पांढरी होती, असे त्या ठामपणे सांगतात. त्या वर्षी मात्र भारतात रंगीत प्रक्षेपण सुरूच झालेले नव्हते. ते आले १९८२ मध्ये.

२/ मग ही आठवण खोटी मानून सोडून द्यावी का? इतिहासाच्या अभ्यासकाने येथे घाई करू नये. त्या काळी चित्रफीत महाग होती आणि एकाच फितीवर पुन्हा मुद्रण करण्याची प्रथा जगभर होती. अनेक जुन्या कार्यक्रमांचा एकमेव अवशेष म्हणजे पाहणाऱ्याची स्मृती. ती पारखावी कशी, हाच या धाग्याचा विषय.

३/ आधी संच. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुमारे एक महिना आधी, १ सप्टेंबरला, आइसलँडच्या रेक्याविक येथे बॉबी फिशर जगज्जेता झाला होता. बोरिस स्पास्कीने अखेरच्या डावाचा राजीनामा दूरध्वनीवरून कळवला. म्हणजे बुद्धिबळातील सर्वाधिक गाजलेली लढत संपली, तेव्हा मुंबईकरांच्या घरात पडदा यायचा होता.

४/ त्या लढतीत कॅमेरा जवळजवळ तिसरा खेळाडूच होता. चित्रीकरणाला आक्षेप घेऊन फिशर दुसऱ्या डावाला आलाच नाही आणि तो डाव गमावून बसला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळवावा लागला. अमेरिकेत मात्र शेल्बी लायमन हे प्रशिक्षक स्टुडिओत पट मांडून, येणारी प्रत्येक चाल तासन् तास समजावून सांगत होते, आणि लोक खिळून पाहत होते.

५/ ब्रिटनमध्ये बीबीसीने वेगळी युक्ती काढली. ‘द मास्टर गेम’ या कार्यक्रमात डाव संपल्यावर खेळाडूंकडून त्यांचे विचार ध्वनिमुद्रित करून घेत आणि ते जणू त्याच क्षणी मनात येत आहेत अशा रीतीने पटावरील चालींसोबत ऐकवत. पाच तासांचा डाव अर्ध्या तासात बसे आणि तरीही समजे.

६/ मुंबईत असे घडणे कठीण होते. वाहिनी एकच, तीही संध्याकाळचे काही तास. चाळीस चालींसाठी प्रत्येकी अडीच तास, त्यातही न निपटलेला डाव मोहोरबंद खेळीनिशी दुसऱ्या दिवसावर जायचा. अशा खेळाला बातम्यांत काही सेकंद मिळत. पडद्यावर खेळाडू दिसे; डाव दिसत नसे.

७/ त्यातून दिवा. मध्य रेल्वेवरचे, पनवेलकडे फाटा फुटणारे हे जंक्शन. भोवती खाडी आणि भातशेती. वरळीचा प्रक्षेपण मनोरा पश्चिमेला आणि मध्ये पारसिकचा डोंगर आडवा. उंच खांबावर अँटेना बांधूनही पडद्यावर मुंग्या येत. एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची, दुसऱ्याने खालून ओरडायचे, “आलं, आलं... गेलं!” आजींच्या आठवणीत हा आवाज चित्राइतकाच पक्का आहे.

८/ आता पडद्यावरील व्यक्ती. गिरगावातून निघणाऱ्या ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन कन्या : वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली बंगळूरला झालेल्या पहिल्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत वासंती विजेत्या ठरल्या. त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे हे विजेतेपद या घराबाहेर गेले नाही. १९७९ मध्ये जयश्री भारताच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या.

९/ रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. मोठे वादंग माजले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की, अशा स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये हैदराबादला त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या : बारापैकी साडेअकरा गुण, एकही पराभव नाही.

१०/ त्या वर्षी दिव्यातील ही मुलगी बारा वर्षांची होती. थोरल्या भावाला खेळायला कोणी नसे, म्हणून त्याने तिला चाली शिकवल्या. ती जिंकू लागल्यावर त्याला अभ्यास आठवू लागला. तिची त्या काळातील चाळीस पानी वही आजही आहे. आठवणीला तपासण्यासाठी तीच आपल्याकडील एकमेव समकालीन कागद.

११/ वहीत काय आहे? हैदराबादच्या विजयाचे वर्तमानपत्रातील कात्रण, भाताच्या शितांनी चिकटवलेले. शितांचे डाग अजून दिसतात. त्याखाली वर्तमानपत्राच्या सदरातून उतरवलेला एक डाव. वजिराला ‘व’, हत्तीला ‘ह’, घोड्याला ‘घो’. सोळाव्या चालीपाशी खाडाखोड आणि समासात एकच शब्द : ‘का?’

१२/ येथे पहिली गाठ सुटते. आजी म्हणतात, “अख्खा डाव टीव्हीवर पाहिला.” वही सांगते, डाव कागदावरून आला. बातम्यांतील क्षणभराचा चेहरा आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील चाली, या दोहोंची स्मृतीने एकत्र शिवण घातली. त्या मुलीने फसवणूक केली नाही. दूरचित्रवाणीने जे गाळले, ते तिने स्वतः भरून काढले.

१३/ मग हिरवा रंग कुठला? घरचा पट लाकडी, काळा-पिवळा. गुंडाळता येणारा प्लॅस्टिकचा हिरवा-पांढरा पट त्यांनी प्रथम पाहिला तो लग्नानंतर, मुलाला सुट्टीतील शिबिरात सोडायला गेल्या तेव्हा. मुलाचे मन तेथे रमले नाही. आईच दाराशी उभी राहून पाहत राहिली. त्या दुपारचा रंग मागे झिरपत १९८१ च्या पडद्यापर्यंत पोहोचला असावा.

१४/ आठवणीचा एक भाग मात्र कोणत्याही तपासणीत डळमळत नाही. पडद्यावर पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीने घरात विचारले, “मला स्पर्धेला न्याल का?” स्पर्धा मुंबईत होती. उत्तर मिळाले, “पोरीला घेऊन एवढ्या लांब कोण जाणार?” तारीख, रंग, डाव हे सारे सरमिसळले, हे वाक्य जसेच्या तसे राहिले. वहीतील नोंदीही त्यानंतर चार पानांत संपतात.

१५/ याच सुमाराची दुसरी गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. विश्वनाथन आनंद यांचे वडील रेल्वेतील अधिकारी. कामानिमित्त कुटुंब काही काळ मनिलाला होते. तेथे दूरचित्रवाणीवर रोज दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे. मुलगा शाळेत असे, म्हणून आई सुशीला चाली व कोडी लिहून ठेवत आणि संध्याकाळी मायलेक ती सोडवत. बक्षिसाची पुस्तके इतक्यांदा जिंकली की, अखेर आयोजकांनी हवी तेवढी पुस्तके एकदाच न्यायला सांगितली; अट एवढीच की, पुन्हा उत्तरे पाठवू नयेत.

१६/ तेथेही पडदा आणि वही होती. फरक एवढाच की, वही लिहायला आई बसली होती. प्रतिभेची तुलना करण्याचे येथे कारण नाही. पण पडद्याने दाखवलेल्या वाटेवर मुलाला हात धरून नेणारे कोणीतरी लागते, हे दोन्ही घरांतून सारखेच दिसते.

१७/ १९९५ च्या सप्टेंबरात आनंद आणि कास्पारोव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जगज्जेतेपदासाठी बसले. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदचा, दहावा कास्पारोव्हचा; शेवटी साडेदहा–साडेसात असा पराभव. दिव्यात संच आता रंगीत होता, पण डाव अजूनही सकाळच्या वर्तमानपत्रातच. पती पहाटेच्या लोकलला वर्तमानपत्र घेऊन निघत, म्हणून त्या खेळाचे पान आधीच काढून ठेवत.

१८/ घरबसल्या संपूर्ण डाव पाहायला मिळाला तो २०१३ च्या नोव्हेंबरात. चेन्नईतील आनंद–कार्लसन लढत दूरदर्शनने थेट दाखवली. दुपारी तीनला डाव सुरू होई. भांडीकुंडी उरकून त्या पडद्यासमोर बसत. बत्तीस वर्षांनी पडद्यावर चाली आल्या, आणि आनंद ती लढत साडेतीन–साडेसहा असे हरले.

१९/ २८ जुलै २०२५. जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये नमवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. जिंकताच ती आईच्या गळ्यात पडून रडली. हे दृश्य आजींनी नातीच्या मोबाइलवर पाहिले. नातीने विचारले, “आजी, तू का नाही गेलीस स्पर्धेला?” आजी म्हणाल्या, “नेणारं कुणी नव्हतं गं.”

२०/ पुढच्याच महिन्यात एका रविवारी दोघी ठाण्याला शालेय मुलांच्या स्पर्धेला निघाल्या. मेगाब्लॉक होता, दिव्याच्या फलाटावर पाऊण तास गेला. नात सहांपैकी दोन डाव जिंकली. परतताना तिने हरलेला एक डाव आजीला तोंडी सांगितला आणि आजींनी तो त्या जुन्या वहीत, उरलेल्या कोऱ्या पानांवर, ‘व’, ‘ह’, ‘घो’ असाच उतरवला.

२१/ निष्कर्ष मर्यादित, पण पक्का आहे. त्या संध्याकाळी वरळीहून नेमके काय प्रक्षेपित झाले, हे आजींची आठवण सिद्ध करत नाही. दिव्यातील एका घरात काय पोहोचले, आणि कुठे अडले, हे मात्र ती सांगते. प्रक्षेपणाच्या इतिहासात पहिली गोष्ट येते. दुसरी बहुधा कोठेच नोंदली जात नाही.

२२/ घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या टीव्हीविषयी विचाराल, तेव्हा ‘काय पाहिलं?’ एवढ्यावर थांबू नका. संच कोणाच्या घरी होता? तिथे कोणाकोणाला बसू देत? आणि पाहून झाल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत? रंग चुकतील, साले चुकतील. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा चुकत नाही.