टोमॅटोची मर आणि निंबोळीचा अर्क

बारामती-इंदापूर म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें ऊंस उभा राहतो. परंतु नीरेच्या डाव्या कालव्याच्या या टापूंत टोमॅटोही होतो, आणि त्याचा शत्रु जमिनींत दडलेला असतो. सकाळीं ताजें दिसणारें झाड दुपारीं माना टाकतें, आणि थोड्याच दिवसांत उभें वाळतें. शेतकरी यास 'मर' म्हणतात.

आमचा पुतण्या इंदापूर तालुक्यांत वीस गुंठे टोमॅटो करतो. मुलीच्या वसतिगृहाचा खर्च त्याच पिकावर आहे. गेल्या पावसाळ्यांत ओळींत मर शिरली, तेव्हां "काका, मुळांशीं निंबोळीचा अर्क ओतूं काय?" असें त्यानें विचारलें.

आम्हीं आधीं रोग ओळखावयास सांगितलें. खोड चिरल्यावर आंत तपकिरी रेघ दिसली, तर ती बहुधा फ्युझेरियम नांवाची बुरशी. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या ती बुजविते. खोडाचा तुकडा पेल्यांतील स्वच्छ पाण्यांत धरतांच दुधासारखा धागा खालीं उतरला, तर दोष जीवाणूंचा. मुळांवर गांठी असल्या तर सूत्रकृमींचा. येथें तपकिरी रेघ निघाली.

नळ्या बुजलेलें झाड कितीही अर्क ओतला तरी उठत नाहीं, हें आम्हीं स्पष्ट सांगितलें. निंबोळीची कीर्ति मुख्यतः किडींवरील आहे. पांच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी करावें, ही तिची कृति आतां सर्वांस ठाऊक आहे. निंबाचे व लसणाचे अर्क प्रयोगशाळेच्या बशींत बुरशीची वाढ रोखतात. पण शेत म्हणजे बशी नव्हे! मातींत अर्क लवकर विरतो, आणि फ्युझेरियमचीं जाड कवचाचीं बीजें वर्षानुवर्षें निजून राहतात. म्हणून अर्काची जागा रोपांच्या वाफ्यांत व लावणीच्या आरंभीं. जोडीस निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा आणि पिकांची फेरपालट हवी. सूत्रकृमि असल्यास झेंडू लावावा.

यंदा त्यानें अर्ध्या ओळींस पेंड व अर्क दिला आहे, अर्ध्यांस नाहीं. दर एकादशीस मेलेलीं झाडें मोजून वहींत लिहावयाचीं, असें ठरलें आहे. घरांतील वडीलधाऱ्यांस हा खटाटोप वाटतो. पूर्वजांना सर्व ठाऊक होतें, मग मोजावयाचें कशाला? सुरपालाचा वृक्षायुर्वेद आम्हीही आदरानें वाचतों. झाडांचे रोग त्यानें वात, पित्त, कफ असे वांटले आहेत. परंतु टोमॅटो त्याच्या काळीं अमेरिकेंत होता.

शिवाय एक हकीकत आहे. निंबतेलानें वनस्पतींवरील बुरशी आवरण्याच्या रीतीचें पेटंट १९९४ सालीं युरोपीय पेटंट कचेरीनें अमेरिकेचें कृषिखातें व डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांस दिलें. वंदना शिवा प्रभृतींनीं हरकत घेतली. २००० च्या मे महिन्यांत म्यूनिक येथें सुनावणी झाली, तेव्हां पुढें आलेल्या पुराव्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत आपल्या पुणें आणि सांगली जिल्ह्यांत घेतलेल्या शेतचाचण्यांचाही समावेश होता. पेटंट रद्द झालें. २००५ च्या मार्चांत अपीलही फेटाळलें गेलें.

पुतण्याच्या वहींत सध्यां दोन एकादशींच्या नोंदी आहेत, आणि दोन्ही भागांचे आंकडे जवळजवळ सारखेच आहेत.