साठ की आठ

मागच्या वर्षी मी अब्बांच्या जुन्या हेडफोनवर अकरा हजार शंभर रुपये खर्च केले. हे पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत ही गोष्ट अशीच सुरू होते आणि आकडा ऐकल्यावर तिथेच संपते. "अकरा हजार? कानाला लावायच्या त्या डबड्याला?" बहीण म्हणाली, तेवढ्यात दोन नवे आले असते, तेही बिनवायरचे. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागलं.

हा हेडफोन १९९० साली कुवेतहून आमच्या घरी, खारबावला आला. अब्बा १९७९ मध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून तिकडे गेले होते. त्या काळात आमच्या कोकणी मुसलमानांच्या गावागावांतून घरटी एक माणूस तरी आखातात असायचा. एका खोलीत आठ जण, निम्मे दिवसपाळीचे, निम्मे रातपाळीचे. कुणी ना कुणी कायम झोपलेलं. टेप मोठ्याने लावायची सोय नव्हती, आणि टेप तर ऐकायचीच असायची, कारण तेव्हा घरची पत्रं कॅसेटवर यायची. आमच्या दादीला लिहिता येत नव्हतं. ती टेपरेकॉर्डरपुढे बसून बोलायची आणि गावाहून जो कुणी निघेल त्याच्या हाती कॅसेट द्यायची.

अब्बांच्या साइटवर एक परदेशी साहेब होता, गाण्याचा शौकीन. नोकरी सोडून जाताना त्याने सामान विकायला काढलं, तेव्हा अब्बांनी हा हेडफोन घेतला. पंधरा दिवसांचा ओव्हरटाइम त्यात गेला, असं अम्मी अजून सांगते. एकेजी या व्हिएन्नाच्या कंपनीचा के-२४०, ६०० ओहमचा. १९७५ च्या सुमारास हे मॉडेल बाजारात आलं आणि जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गायक-वादकांच्या कानांवर बसलं. अब्बांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की यातून आई जवळ बसून बोलल्यासारखी वाटते आणि शेजारचा झोपलेला माणूस कुरकुरत नाही.

दादी १९८६ मध्ये गेली. अब्बा मातीला पोहोचू शकले नाहीत.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. पुढच्या दोनेक महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणलं गेलं. त्यांत अब्बा होते. फ्रिज, टीव्ही, अम्मीसाठी घेतलेलं शिलाई मशीन, सगळं तिथेच राहिलं. हातात एक बॅग. त्यात दोन जोड कपडे, कागदपत्रं, दादीच्या दोन कॅसेट आणि हा हेडफोन. लोकांनी सोनं आणलं, मी वायर आणली, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

परतल्यावर त्यांनी होती नव्हती ती बचत घालून भिवंडीत चार जुने पॉवरलूम घेतले. १९९१ ते २०१३, बावीस वर्षं ते त्या शेडमध्ये उभे राहिले. ज्यांनी लूमच्या शेडमध्ये पाऊल ठेवलंय त्यांना सांगायला नको. खटाखट, खटाखट, आणि बोलायचं ते खुणांनी. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. तिथला आवाज त्याच्या वर असतो. डेसिबलचा हिशेब फसवा असतो. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, दहा डेसिबलला दहापट. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यातल्या रोगांच्या यादीतही आहे. पण चार-सहा लूमच्या शेडमध्ये ती यादी वाचायला कोण येतं? अब्बा कानात कापसाचा बोळा घालत. तेवढंच.

हेडफोन कपाटात पडून राहिला. आपली खाडीकाठची दमट हवा. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन पापुद्र्यांनी सुटलं, आतला फोम आधी चिकट झाला आणि मग बोट लावलं की भुगा. डोक्यावरचा पट्टा आपोआप वर-खाली व्हावा म्हणून दोन्ही बाजूंना आत रबर असतात, ते सैल पडून लोंबत होते. डाव्या कानापाशी वायर तुटली होती.

मी पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथल्या पोराने हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही. "अंकल, फेक दो." दुसऱ्याने घेतला, पंधराशे रुपये घेतले, आणि जाड, मऊ, फुगीर गाद्या लावून दिल्या. दिसायला झकास. ऐकलं तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. मला वाटलं, जुना माल, असाच असेल.

नंतर कुणीतरी लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रीकाकांचं नाव सुचवलं. एका शनिवारी फजरनंतर निघालो. खारबावहून मेमूने वसई रोड, तिथून लोकलने ग्रँट रोड, पुढे पायी. जिन्याखाली एक टेबल, एक दिवा, एक भिंग. काकांनी हेडफोन उलटा केला, गाद्या काढल्या आणि मीटर लावला. दोन्ही बाजूंचे आकडे जवळजवळ सारखे आले. मग म्हणाले, "हृदय चांगलं आहे. कपडे चुकीचे घातलेत."

त्यांनी समजावलं ते इथे लिहितो, कुणाच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर उपयोगी पडेल. गादी म्हणजे नुसती उशी नव्हे. कान आणि ड्रायव्हर यांच्यातलं अंतर तीच ठरवते, हवा किती कोंडायची हेही तीच ठरवते. गादी बदलली की आवाज बदलतो. म्हणून मूळ मापाचीच घ्यावी. या मॉडेलचे धाकटे भाऊ अजून विकले जातात, त्यांच्या गाद्या याला बसतात. व्हिएन्नातलं या कंपनीचं काम २०१७ मध्ये बंद झालं, तेव्हा इतक्या जुन्या वस्तूचे बाकीचे भाग कंपनीकडे मागण्यात अर्थ नाही. ते जुळवावे लागतात. पट्ट्याचे रबर? "शिलाईच्या दुकानातून बारीक इलॅस्टिक आणा. तुमच्या भिवंडीत काय कमी आहे!" काकांचं खरं होतं. वीस रुपयांत आलं.

सफाई, गाद्या, इलॅस्टिक आणि मजुरी मिळून २,८०० रुपये. नवी वायर आणि ती काढता-घालता यावी म्हणून सॉकेट, १,८००. वायर पुढे तुटली तर पुन्हा डाग द्यायला नको. हा बदल मूळ वस्तूत नव्हता, पण उपयोगाचा होता. मी चांदीचा मुलामा असलेल्या महागड्या वायरबद्दल विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "पैसे जास्त झाले असतील तर कुणाला तरी देऊन टाका." उरलेले ६,५०० छोट्या अँप्लिफायरला गेले. त्याला इलाज नव्हता. फोनमधून साधारण एक व्होल्ट मिळतो असं धरलं, तर हल्लीच्या ३२ ओहमच्या हेडफोनला एकतीस मिलिवॅट मिळतात. ६०० ओहमच्या वाट्याला पावणेदोनसुद्धा येत नाहीत. आवाज येतो, पण लांबून.

आता खर्चाचं. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे लहानपणापासून बजावलेली गोष्ट. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे मला अब्बांनीच शिकवलं. अकरा हजार हा इस्राफ होता का? मी स्वतःला सांगत होतो, की चालणारी वस्तू फेकून नवी घेणं हीच उधळपट्टी. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. म्हणजे जुनं नीट करून वापरणं आता सरकारलाही पटलंय. हा युक्तिवाद चांगला होता. नंतर जे झालं त्यात तो टिकला नाही.

दादीच्या दोन कॅसेटपैकी एकीला बुरशी लागली होती. दुसरीतली फीत दाबून धरणारी छोटी गादी निसटली होती. ती काकांनीच चिकटवून दिली. कॅसेट मी संगणकावर उतरवून घेतली आणि जुम्म्याच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, हेडफोन अब्बांच्या डोक्यावर ठेवला. आवाज मुद्दाम बेताचा.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईच आहे." पुढे ऐकत राहिले, आणि कपाळावर आठी आली. मी दुसरा साधा हेडफोन लावून सोबत ऐकत होतो. दादी गावचा हिशेब सांगत होती. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, शेजारणीने साठ रुपये उसने नेलेत आणि परत द्यायचं नाव नाही.

अब्बांनी हेडफोन खाली केला. "आता मला आठ ऐकू आलं," ते म्हणाले. "पण ती साठ म्हणते. मला पाठ आहे. साठच म्हणते ती."

मी काहीच बोललो नाही. त्या दुपारी मला कळलं, की गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय. आपण 'साडेसहा' म्हणतो आणि ते 'अडीच'ला तयार होऊन बसतात, आणि आपण हसतो. ते लग्नाच्या पंगतीत गप्प असतात, आणि आपण म्हणतो, वय झालं, स्वभाव अबोल झाला. टीव्ही मोठा केला की आपण चिडतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांना ठाण्याला कानाच्या तपासणीला नेलं. आलेखाची रेघ सुरुवातीला बरी होती आणि चार हजार हर्ट्झपाशी दरीत कोसळली होती. तपासणाऱ्या बाईंनी आलेख पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, लूमवर होतात का?" सततच्या आवाजाने कान आधी तिथेच जातो. स, श, फ, थ ही अक्षरं वरच्या पट्टीतली. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. कानाच्या आतल्या त्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. त्यांचा जोड शिलाईच्या दुकानात मिळत नाही, लॅमिंग्टन रोडलाही नाही.

हेडफोनसाठी मी तीन शनिवार मुंबईला गेलो. कानांसाठी दहा वर्षांत एकदाही ठाण्याला गेलो नव्हतो. इस्राफचा हिशेब मी रुपयांत करत होतो, तो वेळेतही करायला हवा होता. अकरा हजार जास्त होते की नव्हते, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. पण ते आधी कशावर गेले, याची लाज वाटते. आणि हेही खरं, की तो हेडफोन नीट झाला नसता, तर आम्ही अब्बांच्या अबोल स्वभावाचंच कौतुक करत बसलो असतो.

श्रवणयंत्रांची जोडी अडतीस हजारांची. अब्बा ऐकेनात. "या वयात एवढा खर्च कशाला? किती ऐकायचं राहिलंय आता?" शेवटी अम्मीने सांगितलं, मी चाळीस वर्षं ओरडून बोलतेय, माझा घसा वाचवा. तेव्हा कबूल झाले.

यंत्र लावल्यावर सगळं ठीक होत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. भांडी आपटल्याचा आवाज त्यांना टोचतो, रात्री मालगाडी गेली की दचकतात, कधी चिडून काढून ठेवतात. सवय व्हायला महिने लागतात. पण मशिदीत मौलाना काय सांगतात ते आता कळतं, असं म्हणतात. ते किती लांबवतात हेही आता कळतं, असंही म्हणतात.

त्यांच्या जुन्या शेडमध्ये आज दुसऱ्याचे लूम आहेत. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो. वीस-बावीस वर्षांची पोरं, कानात कापूससुद्धा नाही. केमिस्टकडे फोमचे बोळे काही रुपयांना मिळतात. मी एक पाकीट घेऊन गेलो होतो. मालकाने ठेवून घेतलं. पोरं वापरतील की नाही, ठाऊक नाही. पुढच्या वेळी गेलो की बघेन.

दादीची कॅसेट अब्बा अजून त्याच हेडफोनवर ऐकतात. त्यासाठी यंत्र काढून ठेवतात. मी म्हटलं, यंत्र लावून साध्या स्पीकरवर ऐका, साठ स्पष्ट ऐकू येईल. ते म्हणाले, "साठ मला माहीत आहे रे. मला तिचा आवाज ऐकायचा असतो."