द्रोणागिरीची वाट आणि जीपचे पाटे

पनवेलहून द्रोणागिरीस जाणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें उरणपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि द्रोणागिरी नांवाचें स्थानकही वाटेवर झालें. तरीही आम्हीं निघालों तें कैलासवासी वडीलबंधूंच्या १९६८ सालच्या जीपमधून. करंज्याच्या द्रोणागिरी देवीस जावयाचें तें याच गाडीनें, असा वहिनींचा हट्ट. पुतण्यांच्या मतें गाडी विकून टाकणें बरें. वहिनींचें वय ७८, कंबरेचें दुखणें जुनें. अखेर असें ठरलें, कीं एकदां त्यांना नेऊन आणावें. त्रास झालाच तर गिऱ्हाईक पाहावें.

खरा प्रश्न हादऱ्यांचा होता. या जीपला पुढें व मागें अखंड आस, आणि त्यांवर कमानीसारखे वळविलेले पोलादी पाटे एकावर एक रचलेले. (आस हा संस्कृत 'अक्षा'चाच वंशज. मात्र साध्या बैलगाडीच्या आसावर पाटे नसत, हें आमच्या पिढीच्या पाठीस पक्कें ठाऊक आहे.) मागें गाडी खचली म्हणून एका कारागिरानें प्रत्येक चाकापाशीं दोन पाटे वाढवून दिले होते. गाडी उंच झाली खरी. पण चारसहा मणांचें ओझें नसेल तर खड्ड्यांत ती धोंड्यासारखी आपटे. पाटा वाढविला म्हणजे बळ वाढतें, तसा ताठाही वाढतो.

या खेपेस पनवेलींतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनीं चेसिसला टेकू देऊन यू-बोल्ट सोडविले आणि पाटे सुटे करून अंगणांत मांडले. पाट्यांमध्यें गंज इतका, कीं ते एकमेकांवर सरकेनातच. दहा पाट्यांचा जणूं एक ठोकळा झाला होता. एका पाट्यास सेंटर बोल्टच्या भोंकापाशीं बारीक चीर होती. तेथेंच पाटा दुबळा असतो, म्हणून तेथेंच आधीं पाहावें, असें त्यांनीं सांगितलें. चिरलेला पाटा बदलला, वाढीव पाटे काढले, उरलेले रॉकेलनें धुऊन तारेच्या ब्रशानें घांसले व मध्यें ग्रॅफाइटचें ग्रीस भरलें. बसलेल्या पाट्यांस थंडच ठोकून कमान चढविली; तापविल्यास पोलादाचें पाणी उतरतें. शॅकलचे झिजलेले बुश आणि चारही शॉक ॲब्सॉर्बर नवे घातले.

धाकट्या पुतण्याची सूचना नव्या पद्धतीचे मोजके पाटे बसविण्याची होती. ते मध्यें जाड, टोंकांकडे पातळ, आणि परस्परांस जवळजवळ न घांसणारे, म्हणून मऊ. पण जुन्या पाट्यांचें घर्षणच गाडीची उसळी थोडी आवरीत असतें; तें गेलें कीं सगळा भार शॉक ॲब्सॉर्बरवर पडतो. मिस्त्रींनीं नकार दिला नाहीं, पण खर्च सांगितला, आणि आम्हीं जुन्यांवरच समाधान मानलें.

गव्हाण फाट्याशीं थांबून यू-बोल्ट पुन्हां आंवळले. नव्यानें बसविलेले पाटे थोडे चालल्यावर दबतात. प्रत्येक नटाला अर्धा फेरा तरी मिळाला. पुढें १९८९ पासून चालूं असलेल्या न्हावा-शेवा बंदराच्या वाटा, कंटेनरच्या अजस्र गाड्या आणि त्यांच्या चाकांनीं पाडलेल्या घळी. आमची नजर रस्त्यापेक्षां वहिनींच्या चेहऱ्यावर अधिक होती. पूर्वीं अशा ठिकाणीं त्या डोळे मिटून पुढली दांडी धरीत. आज हात मांडीवरच्या ओटीच्या पिशवीवर होते.

डोंगराच्या पायथ्याशीं तेल-वायूचा प्रचंड कारखाना, वर जुन्या किल्ल्याचे अवशेष, पलीकडे समुद्र. मारुतिरायाच्या हातून निसटलेला हा द्रोणागिरीचा तुकडा, असें लोक सांगतात. एवढा पर्वत वाहून नेतांना त्याला हादरे कसे सोसले असतील, हा विचार आमच्या मनांत आला. तो देवळांत बोलून दाखविला नाहीं.

दर्शन झालें. परततांना अंधार पडला व दोन खड्डे चुकवितां आले नाहींत. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. घरीं उतरल्यावर पुतण्यानें कंबरेची विचारपूस केली, तेव्हां त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, पुन्हां ग्रीस केव्हां भरायचें, तें पंचांगावर लिहून ठेवा."