परक्या भाषेचा उंबरठा

मनुष्य जन्मतः एखाद्या देशाचा होतो. त्यात त्याचे कर्तृत्व काहीच नसते. परंतु जाणत्या वयात जो दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मागतो, त्यास परीक्षा द्यावी लागते, आणि तीत भाषेचा विषय बहुधा असतोच. अमेरिकेत वास्तव्य असल्यामुळे ही परीक्षा मला जवळून पाहावयास मिळाली.

इंग्रजी बोलता यावे, ही अट तेथे १९०६ च्या कायद्याने घातली; लिहिण्या-वाचण्याची अट १९५० मध्ये तीस जोडण्यात आली. परंतु नुसत्या भाषेने दार उघडत असे, असे मात्र नाही. भगतसिंग थिंड यांस इंग्रजी उत्तम येत होते व त्यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरीही केली होती. तथापि हिंदी मनुष्य नागरिकत्वास पात्र नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला. ही आडकाठी पुढे १९४६ च्या कायद्याने दूर झाली.

परीक्षा दिसते सोपी. तीन वाक्यांपैकी एक वाचावयाचे व तीनांपैकी एक ऐकून लिहावयाचे. ध्वज, मत, राष्ट्राध्यक्ष असे त्यांतील नित्याचे शब्द. शिवाय अर्जातील माहितीविषयी अधिकाऱ्याशी संभाषण आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न. पन्नाशी गाठलेल्या व तेथे कायम रहिवासी म्हणून वीस वर्षे राहिलेल्या, अथवा पंचावन्न वर्षांच्या व पंधरा वर्षे राहिलेल्या मनुष्यास इंग्रजी माफ असते.

माझ्या शेजारच्या एका आजींस मात्र ही सवलत नव्हती. वय एकसष्ट, पण रहिवास अवघा आठ वर्षांचा. त्यांचे थोरले बंधू सातारा जिल्ह्यात अंथरुणास खिळलेले. कायम रहिवासी वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास त्याचा परतीचा हक्क धोक्यात येतो. म्हणून भावाजवळ निर्धास्तपणे राहता यावे, एवढ्यासाठीच आजींस नागरिकत्व हवे होते.

त्या रोज सायंकाळी माझ्याकडे शिकावयास येत. वाणसामानाच्या यादीमागे वाक्ये लिहीत. अधिकाऱ्यास प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती करता येते, असे कळताच त्यांनी सर्वांआधी तेच वाक्य पाठ केले. शपथेचा अर्थ सांगितला, तेव्हा मात्र त्या थबकल्या. जुन्या देशाची निष्ठा सोडावयाची होती, आणि आपल्या राज्यघटनेप्रमाणे हिंदी नागरिकत्वही जाणार होते. भावाकडे मोकळेपणाने जाण्यासाठी भावाच्या देशात परदेशी ठरावयाचे!

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “लग्नात नाव बदललं, म्हणून माहेर का तुटलं?” आणि त्यांनी वही पुन्हा उघडली.

त्या उत्तीर्ण झाल्या. परदेशस्थ भारतीयांस मिळणारे आजीव प्रवेशाचे कार्ड घेऊन त्या भावाकडे आल्या व चौदा महिने त्याच्या उशाशी राहिल्या. भावाशी त्या बोलल्या, त्या अर्थातच मराठीत.

वाचकहो, नवी भाषा शिकल्याने जुनी जात नाही. फादर स्टीफन्स हे इंग्रज १५७९ साली गोव्यास आले. त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. तरी त्यांनी आपली भाषा इतकी आत्मसात केली की, १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. आपला १९५५ चा नागरिकत्व कायदाही परकीयाकडून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी एकीचे पुरेसे ज्ञान अपेक्षितो, आणि त्या भाषांत मराठी आहे. तेव्हा उद्या कोणी परका आपल्या गावी अडखळत मराठी बोलू लागला, तर त्याच्या उच्चारास हसू नये. तो आपल्या उंबरठ्यावर उभा आहे, हे जाणून त्यास आत बोलवावे.