सुलटी आत्या

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘सुधारित’ या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. सुधारित फॉर्म म्हणजे जुन्यापेक्षा दोन पानं मोठा फॉर्म. सुधारित खुर्ची म्हणजे जिच्यातून उठताना टेबल धरावं लागतं ती. त्यामुळे परवा भाच्यानं फोनवर, “मामा, रात्रीतून लॅपटॉपवर सुधारित आवृत्ती येईल हं,” असं सांगितलं, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

आता हा लॅपटॉप काही साधासुधा नव्हे. त्याची बिजागरी ३६० अंशांतून फिरते. तो वहीसारखा उघडतो, पाटीसारखा हातात बसतो आणि उलटी घडी घातली की तंबूसारखा उभा राहतो. आम्ही घेतला तो त्या तंबूसाठी. नाना, म्हणजे माझे वडील, वय ८४, मांडीचं हाड मोडल्यापासून खाटेवर आहेत. त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर हा तंबू ठोकला, की दर रविवारी सकाळी दहाला इंदूरहून त्यांची धाकटी बहीण, आमची आत्या, त्यात हजर होते. (नाना तिकडे सुलटे दिसावेत ही तजवीज कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधीच केलेली आहे.) पाऊण तास दोघं कडकडून भांडतात. औषधापेक्षा नानांना त्याचाच गुण जास्त.

पूर्वी त्यावर विंडोज १० होती. तिची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा भाच्यानं लिनक्स घातली. ती फुकट मिळते म्हणाला. फुकट या शब्दाला आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही.

तर सुधारणा झाली, आणि रविवारी आत्या शीर्षासनात अवतरली. तंबू मोडून लॅपटॉप सरळ ठेवला, तरी आत्या उलटीच. नानांनी चष्मा पुसला नि विचारलं, “अगं, कुंकू हनुवटीला का लावलंयस?”

भाचा धावत आला. पहिला उपाय त्यानं केला तो पडद्याचं फिरणंच कुलूपबंद करण्याचा. त्यानं वहीतली आत्या सरळ झाली, पण तंबूत पुन्हा शीर्षासन. मग त्यानं हुकूम देऊन नुसतं चित्र उलटवलं. आत्या सुलटी झाली, पण बोटाची जागा फिरली नाही. खालचं हिरवं बटण दाबावं, तर दबणार वरच्या कोपऱ्यातली फुली! तीनदा आत्याचा फोन कटला. शेवटी तिनं हिच्या मोबाइलवर फोन करून सांगितलं, “दादाला बोलायचं नसेल तर तसं सांगा म्हणावं.” नाना भिंतीकडे तोंड करून पडले. “पुढच्या रविवारी लावूच नका ते,” एवढंच म्हणाले. दुपारचा चहाही त्यांनी तसाच ठेवला. मग मात्र मी बाह्या सरसावल्या.

भाच्यानं मला आतली भानगड समजावून दिली. लॅपटॉपात काही मिलिमीटरची एक चिप असते. तिच्यात सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर एक अतिसूक्ष्म वजन लोंबकळतं. पृथ्वी ते आपल्याकडे ओढते, आणि ते किती नि कुठे सरकलं यावरून लॅपटॉपला खालची बाजू कळते. टेबलावर सपाट ठेवला तर मात्र त्याला काहीच ठरवता येत नाही. तो जुनीच दिशा धरून बसतो. (असे साहेब मी पाहिले आहेत.) पण ही चिप प्रत्येक मॉडेलात वेगवेगळ्या तोंडानं बसवलेली असते, म्हणून सिस्टीम त्याची यादी ठेवते. प्रत्येक मॉडेलापुढे तीन ओळी, ओळीत तीन आकडे. बहुतेक सगळे एक, शून्य किंवा उणे एक.

आम्ही ‘मॉनिटर-सेन्सर’ नावाचा हुकूम सोडला. लॅपटॉप सरळ उभा, तर तो म्हणे ‘बॉटम-अप’. डाव्या कुशीवर केला, उत्तर बरोबर. उजव्या कुशीवर, तेही बरोबर.

इथे माझं बी. कॉम. जागं झालं. तेरीज जुळेना, तर फरकाला आधी दोनानं भागायचं. भाग गेला, तर निम्म्या रकमेची नोंद नावेऐवजी जमेला पडल्याचा संशय घ्यायचा. मग नऊनं भागायचं. भाग गेला, तर कुणीतरी ४५ चे ५४ केले असावेत. इथे फरक १८० अंशांचा, आणि त्याला भाग दोघांनीही जातो! पण आकड्यांची अदलाबदल असती तर आत्या आडवी झाली असती. ती उलटी होती. म्हणजे रक्कम बरोबर, बाजू चुकलेली.

“मधल्या ओळीतल्या मधल्या एकापुढे उणे लिही,” मी म्हटलं.

भाचा बघतच राहिला. “मामा, तुम्हाला मॅट्रिक्स येतं?”

“मला सस्पेन्स खातं येतं. लिही तू.”

त्यानं ती नोंद वेगळ्या फायलीत केली, म्हणजे पुढची सुधारणा आली तरी पुसली जाऊ नये. लॅपटॉप बंद करून चालू केला. वही केली, पाटी केली, तंबू केला. चित्र सरळ, बोटही जागेवर.

रविवारी दहाला आत्या ताठ मानेनं हजर झाली. नाना बराच वेळ नुसते बघत होते.

“वाळलीस,” ते म्हणाले.

“तोंड दाखवलंस हेच पुष्कळ झालं,” आत्या म्हणाली, आणि आजीचं तांब्याचं घंगाळ कुणाला मिळायला हवं होतं, हे भांडण दोन रविवारांपूर्वी जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.